शेवंतीचें फूल मांजरास विषारी आहे काय?

फुलझाडें आणि घरांतील मुकीं जनावरें यांचा परस्परसंबंध हा विषय कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्या पानांवर ज्वारीच्या बियाण्याची, तुरीच्या मर रोगाची आणि विहिरीच्या पाण्याची चर्चा व्हावयाची, तेथें मांजराच्या प्रकृतीचा विचार कशास, असें ते म्हणतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्याच्या घरीं धान्याची कोठी आहे, त्याच्या घरचें मांजर हें शोभेचें जनावर नव्हे. तें बिनपगारी राखणदार आहे. उंदीर धान्य खातो तें खातोच, पण त्याहून अधिक लेंड्यांनीं व मुतानें नासवितो, पोतीं कुरतडतो आणि पुढच्या पेरणीचें बीं निकामी करतो. असा राखणदार एका रात्रींत दगावला, तर नुकसान कोणाचें झालें हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आमची तामलवाडी सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. नवरात्रांत व पुढें आश्विनी पौर्णिमेस या वाटेनें भाविकांची रीघ लागते, आणि त्या दिवसांत फुलांस मोठी मागणी असते. दसऱ्यापासून मार्गशीर्षाच्या गुरुवारांपर्यंत शेवंतीस चांगला भाव येतो, म्हणून कोणी शेताच्या तुकड्यांत, तर कोणी परसांत शेवंतीचे वाफे करतात. अलीकडे शहरांतून शिकून आलेलीं मुलें सांगूं लागलीं आहेत कीं, शेवंती ही मांजरास विषारी आहे. हें ऐकून कोणी वाफे उपटावयास निघतो, तर कोणी 'आमच्या आज्यापासून घरांत शेवंतीही आहे आणि मांजरही आहे' असें म्हणून हंसतो. या दोहोंपैकीं खरें कोणतें, याचा निवाडा करावा असें आम्हीं योजिलें आहे.

निवाडा थोडक्यांत प्रथमच सांगतों. शेवंतीचीं पानें वा फुलें खाल्लीं तर मांजरास त्रास होतो, ही गोष्ट खरी. परंतु त्यानें मांजर मरावें असें सहसा घडत नाहीं. मात्र शेवंतीच्या एका चुलत बहिणीपासून जें कीटकनाशक निघालें, आणि त्याच्या नमुन्यावर जीं कृत्रिम औषधें आज आपल्या गोठ्यांत व फवारणीच्या पंपांत आहेत, तीं मांजरास खरोखर प्राणघातक आहेत. वाफ्यांतील फूल आणि बाटलींतील औषध या दोहोंत लोक गोंधळ करतात, आणि त्या गोंधळांत निरपराधी उपटला जाऊन अपराधी फळीवर सुरक्षित राहतो.

शेवंतीचें कूळ आणि तिचा दोष

शेवंती मूळची चीन देशाची. तेथें तिच्या फुलांचा काढा लोक चहासारखा पितात. म्हणजे माणसास ती विषारी नाहीं हें उघड आहे. सूर्यफूल, करडई, झेंडू आणि आपलें नित्याचें दुखणें जें गाजरगवत, हीं सर्व तिचीं सगोत्र होत. गाजरगवत 1950 नंतरच्या दशकांत प्रथम पुण्याकडे दिसूं लागलें आणि तेथून बांधाबांधांवर पसरलें. तें उपटतांना हातास खाज सुटते, कित्येकांस अंगभर पुरळ उठतो, याचा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. गाजरगवताच्या अंगीं जें कडू व दाहक द्रव्य आहे, त्याच्या जातीचीं द्रव्यें शेवंतीच्या पानांतही आहेत. मात्र त्यांचा जोर पुष्कळ कमी आहे. शेवंतीची तोडणी रोज करणाऱ्या कित्येक बायांच्या बोटांची कातडी खरखरीत होऊन फुटते, तें याच कारणानें.

मांजर हें मांसाहारी जनावर खरें; तरी गवताचें पातें चघळण्याची त्यास उपजत खोड असते, आणि पिल्लांस तर जें हालेल तें चावण्याची आवड. असें पिल्लूं शेवंतीचीं पानें चघळूं लागलें तर त्याच्या तोंडास लाळ सुटते, ओकारी होते, हगवण लागते, क्वचित चाल डगमगते, आणि नाका-ओठांवरील कातडी लाल होते. अमेरिकेंत 1866 सालीं स्थापन झालेली प्राणिसंरक्षणाची एक जुनी संस्था आहे. ती पाळीव जनावरांच्या विषबाधेसाठीं स्वतंत्र केंद्र चालविते. त्या संस्थेनें शेवंतीचें नांव मांजर, कुत्रा व घोडा यांस बाधक अशा झाडांच्या यादींत घातलें आहे. मुलें जें ऐकून येतात तें याच प्रकारच्या यादीवरून. यादी खोटी नाहीं. पण यादींत नांव असणें आणि प्राणघातक असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेवंतीची चव कडू असल्यामुळें शहाणें मांजर तिचें पान दुसऱ्यांदा तोंडांत धरीत नाहीं, आणि पहिल्या घांसाचा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप शमतो.

चुलत बहिणीची गोष्ट

आतां त्या चुलत बहिणीकडे वळूं. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं डाल्मेशिया म्हणून प्रांत आहे. तो आज बहुतांशीं क्रोएशिया देशांत मोडतो. तेथें पांढऱ्या पाकळ्यांचें व पिवळ्या गाभ्याचें एक फूल उगवतें. त्यास पायरेथ्रम म्हणतात. तें वाळवून केलेली भुकटी पिसवा, ढेकूण व डांस यांस मारते, हें लोकांस एकोणिसाव्या शतकांतच ठाऊक झालें होतें, आणि तिचा व्यापार देशोदेशीं चालत असे. पुढें जपान व त्यानंतर आफ्रिकेंतील केनिया हे देश या पिकांत अग्रेसर झाले. आपल्या देशांतही काश्मीर व निलगिरी या थंड भागांत त्याची लागवड झाली. त्या फुलांतील मारक द्रव्याची घडण स्टाउडिंगर व रुझिका या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं उलगडून 1924 सालीं प्रसिद्ध केली. दोघांनाही पुढें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या द्रव्यास पायरेथ्रिन असें नांव आहे.

पायरेथ्रिनचा एक दोष असा कीं, तें उन्हांत टिकत नाहीं. सकाळीं शिंपडलें तर लवकरच त्याचा जोर ओसरतो. शेतास तें निरुपयोगी. म्हणून त्याच नमुन्यावर, पण ऊन सोसणारें कृत्रिम द्रव्य बनविण्याचा उद्योग सुरू झाला. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील जुन्या शेतकी संशोधनशाळेंत मायकेल एलियट व त्यांचे सहकारी यांनीं 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत परमेथ्रिन व पाठोपाठ डेल्टामेथ्रिन हीं द्रव्यें सिद्ध केलीं. तेव्हांपासून हें कूळ वाढतच गेलें. सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन हीं सर्व त्याच घराण्यांतील होत. नांवाच्या शेवटीं 'थ्रिन' हीं अक्षरें असलीं कीं घराणें ओळखावें. मात्र फेनव्हलरेट हें नांवानें वेगळें दिसत असलें तरी त्याच घराण्याचें आहे. कपाशीवरील बोंडअळी, तुरीवरील शेंगअळी, बैलाच्या अंगावरील गोचीड आणि घरांतील डांस या सर्वांवर आज यांचाच मारा चालतो.

मांजराचें यकृत

हीं औषधें किड्याच्या मज्जातंतूंवर आघात करतात. तंतूंतून जाणारा संदेश थांबावयाचा तेव्हां थांबत नाहीं. तो पुन्हां पुन्हां उठत राहतो आणि किडा थरथरून मरतो. बैल, गाय, कुत्रा व माणूस यांच्या पोटांत वा अंगांत यांचा थोडा अंश गेला, तर त्यांचें यकृत त्याची मोडतोड करून तो मूत्रावाटे बाहेर टाकतें. मांजराचें यकृत येथें अपुरें पडतें. विषास एका साखरेच्या अंशाशीं जोडून तें निरुपद्रवी करण्याची जी एक शक्ति इतर जनावरांच्या यकृतांत असते, ती मांजराच्या यकृतांत फारच दुबळी आहे. आणि हा उणेपणा घरच्या मांजरापासून सिंहापर्यंत सबंध मांजरकुळांत आढळतो. पिढ्यान्‌ पिढ्या केवळ मांसावर राहिल्यामुळें वनस्पतींतील विषांशीं त्यांची गांठ क्वचितच पडली, आणि जें हत्यार वापरांत नाहीं तें गंजलें, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. याच उणेपणामुळें ताप उतरण्याची पॅरासिटामॉलची गोळी माणसास औषध असून मांजरास विष होते. एका गोळीनेंही मांजर मरूं शकतें, हें वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, जें औषध बैलाच्या पाठीवर निर्धास्त लावतां येतें, तेंच मांजरानें अंगावरून चाटलें असतां काळ ठरतें. या घराण्यांतील सर्वांचें तेज सारखें नाहीं; त्यांत परमेथ्रिन हें मांजरास विशेष घातक आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाचे परमेथ्रिनचे तीव्र थेंब मांजरास लावल्यामुळें देशोदेशीं कितीतरी मांजरें मेलीं आहेत.

एक उदाहरण

गेल्या हिवाळ्यांत आमच्या आळींतील एका घरीं एक मांजरी व तिचीं दोन पिल्लें एकाच दिवशीं आजारी पडलीं. परसांत शेवंतीचा वाफा होता, आणि तो घरच्या सुनेनें हौसेनें लावलेला होता. दोष प्रथम वाफ्यावर आणि ओघानें त्या मुलीवर आला. सासूबाईंनीं वाफा उपटून टाकण्याचा हुकूम दिला. आम्हीं उभें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत घालविलें आहे. तेथें अर्जांतील मजकूर वाचण्यापूर्वीं त्यावरील तारीख पाहण्याची संवय लागते. त्या संवयीनें आम्हीं विचारपूस केली.

वाफा दोन वर्षांचा होता आणि मांजरी त्याच्या कडेनें दोन वर्षें सुखानें वावरत होती. एकाही पानावर दांताची खूण नव्हती. आजाराचीं लक्षणेंही पोटाचीं नव्हतीं. ओकारी नाहीं, हगवण नाहीं. कान व मिशा फडफडत होत्या, अंग थरथरत होतें, हात लावतां दचकून झटके येत होते. मग आदल्या दिवशीं घरांत काय काय झालें हें पाहिलें. आदल्या दिवशीं बैलांस गोचिडांचें औषध लावलें होतें. ज्या गोणपाटाच्या तुकड्यानें तें चोळलें, तो तुकडा गोठ्याच्या कोपऱ्यांत कडब्यावर टाकला होता. आणि त्याच उबेस मांजरी पिल्लांसह निजली होती. मांजरीचें स्वतःस व पिल्लांस चाटून साफ करणें दिवसभर चालतें, हें सर्वांस ठाऊक आहे. बाटलीवरील नांव 'थ्रिन' या अक्षरांनीं संपत होतें. पशुवैद्यांनीं लक्षणें पाहून व बाटली वाचून तोच निर्णय दिला. मांजरीस कोमट पाण्यानें व साबणानें धुऊन सुई दिली, ती तिसऱ्या दिवशीं उठली. पिल्लें मात्र तत्पूर्वींच गेलीं होतीं. वाफा राहिला, आणि मार्गशीर्षांत त्याच वाफ्याचीं फुलें त्या घरच्या देवास वाहिलीं गेलीं.

दोष कोणाचा हें कसें ओळखावें

शेवंतीचा वाफा व आजारी मांजर एकत्र दिसलें म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाहीं. खालील लक्षणें व वेळ जमेस धरावी.

नुसती लाळ, ओकारी, हगवण, आणि मांजर बाकी हुषार असेल, तर तें कोणतें तरी पान चघळल्याचें लक्षण होय. शेवंतीचा दोष असेल तर तो येथें. कांहीं तासांत थरथर, कान-मिशांची फडफड, डळमळणें व झटके आले, तर 'थ्रिन' घराण्याचा संशय घ्यावा. लाळेबरोबर डोळ्यांस पाणी, बाहुल्या बारीक झालेल्या, धांप व हगवण असेल, तर मावा व फुलकिडे यांवर फवारण्याच्या फॉस्फरसयुक्त औषधांचा विचार करावा. शेवंतीवर अशी फवारणी होते, आणि ओल्या पानांतून गेलेलें मांजर आपले पंजे चाटतें. येथें झाड केवळ भांडें आहे, विष आपलेंच. हिरड्या पांढऱ्या पडणें, नाकांतून वा लघवींतून रक्त जाणें, आणि तेंही दोन-चार दिवसांनीं, असें झालें तर ब्रोमाडायोलोनसारख्या उंदरांच्या औषधानें मेलेला वा मरूं घातलेला उंदीर मांजरानें खाल्ला असावा. कोठींत औषध ठेवावयाचें आणि मांजरही पाळावयाचें असेल, तर मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावे.

खरोखर घातक फुलें कोणतीं

शेवंतीस निर्दोष ठरवितांना सर्वच फुलांस अभय दिलें असें कोणी समजूं नये. अंगणांतील कण्हेर, तांबडी वा पांढरी, आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, हीं मुळापासून फुलापर्यंत विषारी आहेत. त्यांचें विष हृदयावर चालतें. मांजर, शेळी, बैल वा माणूस, कोणासही तें सोडीत नाहीं. कण्हेरीचें वाळलेलें पानही तितकेंच विषारी असून चवीस कमी कडू लागतें, म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ वा शेळ्यांच्या वाटेवर टाकूं नयेत. ऊन सोसणारें व जनावरें तोंड न लावणारें झाड म्हणून महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावण्याची चाल आहे. तेथील छाटणीही कोणीं वैरणींत मिसळूं देऊं नये. सदाफुली, धोतरा आणि कुंपणावरची कळलावी यांसही घातक फुलांतच गणावें.

लिलीविषयीं एक भेद सांगणें अवश्य आहे. शहरांतील गुच्छांत जी मोठ्या तुतारीसारख्या फुलांची परदेशी लिली येते, तिचा पराग अंगावर पडून चाटला गेला, किंवा फुलदाणींतील पाणी प्यालें गेलें, तरी मांजराचीं मूत्रपिंडें दोन-तीन दिवसांत निकामी होतात. सर्व फुलांत मांजरास अत्यंत घातक हेंच. आपल्या बाजारांत पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या म्हणून जी लिली विकली जाते, तिचें कूळ निराळें आहे. तिचा कांदा खाल्ल्यानें ओकाऱ्या होतात, पण मूत्रपिंडांचा तो विकार होत नाहीं. गुलाब व मोगरा हीं फुलें मांजरास निर्भय होत.

काय करावें

गोचिडांचें औषध लावल्यावर हातांतील चिंधी जाळूं वा पुरूं नये असें म्हणण्याचा प्रघात काटकसरीचा असेल, पण तो येथें सोडावा. चिंधी पुरून टाकावी. बैलाचें अंग वाळेपर्यंत गोठ्यांत मांजर येऊं देऊं नये. माप बाटलीवरील लेखाप्रमाणें घ्यावें, अंदाजानें नव्हे. मांजराच्या पिसवांसाठीं बैलाचें वा कुत्र्याचें औषध थेंबभरही वापरूं नये. फवारणीच्या दिवशीं पंप, तोटी व उरलेलें पाणी उघड्यावर ठेवूं नये. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. जी निष्काळजी माणसास भोंवते, ती मांजरास प्रथम भोंवते. म्हणून मांजराचें अकस्मात्‌ आजारी पडणें ही घरास मिळालेली सूचना समजावी. ज्या कडब्यावर मांजर निजतें, त्याच कडब्यावर आपलीं मुलें खेळतात.

मांजर आजारी पडलेंच, तर त्याच्या अंगास औषध लागलें असल्यास कोमट पाणी व सौम्य साबण घेऊन धुवावें. पाणी कढत नसावें, आणि धुतल्यावर त्यास कोरडें करून उबेंत ठेवावें. गारठ्यानें हें विष अधिक चढतें. झटके येत असतां तोंडांत दूध, तेल, मीठ वा ताक कांहीं घालूं नये; तें श्वासनलिकेंत जाऊन मरण ओढवतें. घरांतील गोळी देऊं नये. बाटली, नसेल तर तिच्यावरील नांव, सोबत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें. या विषावर एकच असा उतारा नाहीं. पण झटके आटोक्यांत ठेवून दोन-तीन दिवस काढले, तर पुष्कळ मांजरें वांचतात. विलंब मात्र घातक होतो.

असो. प्रश्न लहान होता, पण त्याच्या निमित्तानें फळीवरील बाटल्यांचा झाडा घेतां आला. शेवंतीचे वाफे ज्यांनीं लावले आहेत त्यांनीं ते खुशाल राखावे. पिल्लें लहान असतील तितके दिवस वाफ्यास चार कांट्यांची आडकाठी घालावी, म्हणजे झालें. कण्हेर दाराशीं असेल तर तिची छाटणी जपून करावी. आणि 'थ्रिन' ज्या नांवाच्या शेवटीं आहे ती बाटली आजच संध्याकाळीं गोठ्यांतील फळीवरून काढून कुलपांत ठेवावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंति आहे.